टेंभेकरकाकांचा लाल टॅग

टेंभेकरकाकांना कुणी आपल्या लग्नाची डीव्हीडी दिली, की ते आधी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरत आणि मग देणाऱ्याकडे अशा नजरेने बघत, की त्याला लग्नच चुकल्यासारखं वाटावं. "यावर कपबशी ठेवली होती का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये बहुतेकांनी ठेवलेली असे.

काका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. मोठमोठ्या यंत्रांचे भाग त्यांच्या टेबलावरून पुढे जात. नापास झालेल्या भागाला ते लाल टॅग बांधत, आणि तो सोडा असं म्हणायची कुणा साहेबाची छाती होत नसे. रिटायर व्हायला चार-पाच वर्षं असताना त्यांनी कॉम्प्युटर घेतला. तेव्हा घरोघरचे डीव्हीडी प्लेयर एकेक करून बंद पडत होते आणि त्यांच्या जागी मालिका रेकॉर्ड करणारे सेट-टॉप बॉक्स येत होते. त्या डब्याला पेन ड्राइव्ह लावता यायचा, पण डबा भारी नखरेल. डीव्हीडीतून काढलेली फाइल जशीच्या तशी दिली, की एक तर तो आवाज गिळून टाकी, नाही तर नवरा-नवरी चपटी करून दाखवी. त्याला पचेल अशी फाइल करून द्यायचं काम काकांनी अंगावर घेतलं.

एक फाइल व्हायला पाच-सहा तास लागत. काका सकाळी मशीन सुरू करून ड्यूटीवर जात. तेवढा वेळ काकूंना मिक्सर लावायची बंदी, कारण फ्यूज उडाला तर सगळं पहिल्यापासून. "आज आमच्याकडे कुणाची तरी मुंज शिजतेय, चटणी उद्या," असं काकू दारातूनच सांगत.

फाइल झाली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. मग काका वही-पेन घेऊन ती अथपासून इतिपर्यंत स्वतःच्या टीव्हीवर बघत. टाउनशिपबाहेरच्या सोनागिरीतला एक दुकानदार हेच काम दुपारपर्यंत करून देतो, असं कुणीसं त्यांना ऐकवलं. "वो शुरू का एक मिनिट देखता है, भई," काका म्हणाले. "मी शेवटचा आहेर होईपर्यंत बघतो. उन्नीस-बीस सोनागिरीत. इथे वीस म्हणजे वीस." ओठ आणि आवाज एकत्र पोचतात की नाही, यावर त्यांचा फार कटाक्ष. त्यासाठी ते फिल्ममध्ये नारळ फोडण्याचा क्षण शोधत. "नारळ जुळला की सगळं जुळलं," म्हणत. सगळं पसंत पडल्यावर मालकाने वहीत सही करायची, आणि सही होईपर्यंत डीव्हीडीतून काढलेल्या मूळ फाइली काका पुसत नसत. "पार्टीने सही केल्याशिवाय कच्चा माल हलवायचा नाही." लग्नाच्या फिल्मला सही मागणारा माणूस म्हणून टाउनशिपने त्यांची भरपूर थट्टा केली. मीही केली.

माझे बाबा त्याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. मराठी मंडळाच्या गणपतीत माइक आणि दिवे त्यांच्याकडे असत. ते स्टेजवर कधी आले नाहीत, आणि फोटोतही सापडलेच तर वायर गुंडाळताना, पाठमोरे. मी नोकरीला लागले त्याच वर्षी ते अचानक गेले. त्यानंतर आई कित्येक महिने कामापुरतंच बोलायची. मग एके दिवशी तिने कपाटातून मंडळाच्या नाटकाची डीव्हीडी काढली आणि काकांना नेऊन दिली. "नाटक बघावंसं वाटतंय, भाऊजी," एवढंच म्हणाली. काकांनी ती उजेडात धरली. मधल्या भोकापाशी तडा होता. "हिच्यात एकच फेरी उरलीय, वहिनी. बघतो."

दोन आठवड्यांनी काका स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन आले आणि आमच्या डब्याला लावून बाजूला उभे राहिले. चित्र झकास होतं. पडदा उघडला, नाटक सुरू झालं. आईने मिनिटभर बघितलं.

"आधीचं कुठे आहे?"

"आधीचं काय, वहिनी?"

"पडदा उघडायच्या आधी हे माइक तपासत होते."

काकांचा चेहरा उतरला. सुरुवातीला सात-आठ मिनिटं नुसता बंद पडदा होता, खरखर होती आणि 'हॅलो, हॅलो' होतं. सगळा जन्म लोखंडावरचा फालतू कंगोरा घासून काढायला लावणाऱ्या काकांनी तेवढा भाग खराब माल म्हणून कापून टाकला होता.

"नाटक मला पाठ आहे हो," आई म्हणाली. "मला यांना ऐकायचं होतं."

दुसरा कुणी असता तर 'आधी सांगायचं नाही का' म्हणाला असता, आणि ते चूकही नव्हतं. काका म्हणाले, "हा माल नापास." त्यांनी पेन ड्राइव्ह काढला, खिशातून लाल टॅग काढला, त्यावर 'दोष – इन्स्पेक्टरचा' असं लिहून खाली स्वतःची सही केली आणि टॅग पेन ड्राइव्हला बांधला. मी डीव्हीडीचं विचारलं. ती त्या एका फेरीनंतर दुभंगली होती. आई उठून आत जायला लागली.

"थांबा वहिनी," काका म्हणाले. "तुमची सही कुठे झालीय अजून? कच्चा माल आहे माझ्याकडे."

त्या वहीची थट्टा केल्याची मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

काकांनी तो भाग पुन्हा तयार केला, पण त्यांची वेगळीच पंचाईत झाली. पडदा बंद, ओठ दिसत नाहीत, नारळ नाही, मग तपासायचं कशावरून? ते आमच्याकडे आले आणि आईला म्हणाले, "हा माल मला पास करता येणार नाही. तुम्ही ऐका आणि सांगा." पहिल्या खेपेला आई म्हणाली, "हे एवढ्या घाईने बोलत नसत." काका परत गेले. दुसऱ्या खेपेला आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला. तिसऱ्या खेपेला आई टीव्हीच्या जवळ सरकली.

"हॅलो, हॅलो. आवाज मागे पोचतोय का?" बाबाच होते ते, अगदी तसेच, सावकाश बोलणारे. "सुमन, मागे पोचतोय का?"

सुमन म्हणजे माझी आई. दर वर्षी बाबा तिला शेवटच्या रांगेत बसवत, आवाज तपासायला. टीव्हीतून लांबून तिचं उत्तर आलं, "पोचतोय." आणि त्याच वेळी आमच्या बैठकीत बसलेली आईही म्हणाली, "पोचतोय."

काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी वही पुढे केली आणि आईने सही केली.

रिटायर झाल्यावर काका नागपूरला गेले आणि तिथेच वारले. मी भेटायला गेले, तेव्हा काकूंनी मला ती वही दिली. पानोपानी लग्नं, मुंजी, बारशी, आणि 'तपासनीस' या रकान्यात एकच नाव, टेंभेकर. आमच्या ओळीत मात्र त्यांनी लिहिलंय, 'तिसऱ्या खेपेस पास', आणि त्या रकान्यात आईचं नाव आहे. ज्यांचा टॅग साहेबांनाही सोडवता येत नव्हता, त्या काकांनी आपली खुर्ची एकदाच दुसऱ्याला दिली, ती माझ्या आईला. मला याचा फार अभिमान आहे, तिचाही आणि काकांचाही.