हिलारियाची चाळीस वाव दोरी

फेब्रुवारीच्या पावसात हिलारिया उतारावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्याने ते बसवलं, पण वाकडं. त्यानंतर त्या हाताने तिला बटाटासुद्धा नीट सोलता येईना. शेजारीण म्हणून मी अधूनमधून जायचे. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी कुस्को शहरात कोणाच्या तरी घरी स्वयंपाकाला. घरात ती, दोन मेंढ्या आणि न संपणारं काम.

जून जवळ येत चालला होता. जूनमध्ये आम्ही पूल नवा करतो. जुना गवताचा पूल वर्षभरात सैल पडतो, मग तो कापून खालच्या आपुरिमाक नदीच्या पाण्यात सोडतात. वरच्या अंगाला लोखंडी पूल होऊनही बरीच वर्षं झाली, ट्रक तिकडूनच जातात. तरी हा होतोच. ज्या चुलीकडून चाळीस वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून चाळीसदा मोजलेली, दोरी येते, तीच गावात वेगळं घर म्हणून धरली जाते. सभेत बोलायचा हक्क, पाण्याची पाळी, बटाट्याच्या जमिनीचा तुकडा, सगळं त्यावर. दोरी आली नाही, तर ती माणसं दुसऱ्या कोणाच्या तरी घरात धरतात.

हिलारियाचा दीर सिक्स्तो एप्रिलपासून खेपा घालत होता. माणूस वाईट नव्हता, पण तिचा तुकडा त्याच्या शेताला लागून होता. या वर्षी वहिनींची दोरी आमच्यातच धरू, उगाच जिवाला त्रास कशाला, असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा. ती ‘बघते’ म्हणायची. तो गेल्यावर एकदा मला म्हणाली, “त्याच्या बायकोच्या, त्या रुफिनाच्या चुलीपुढे वाडगा घेऊन बसू का आता या वयात?”

मग ती एकटीच लागली कामाला. डोंगरावर जाऊन गवत कापलं, वाळवलं, भिजवलं, गोल दगडाने ठेचून मऊ केलं. मे महिनाभर आम्ही दोघी तिच्या भिंतीशी उन्हात बसून दोरी वळायचो. ती मधेच थांबायची, मनगट मांडीवर ठेवून डोळे मिटायची आणि पुन्हा सुरू करायची. कधी मला वाटायचं, हिच्या चार वाव मी वळून द्याव्यात. पण एका घरची दोरी दुसऱ्या घरच्या हाताने वळलेली चालत नाही, आणि माझ्या स्वतःच्याच अजून बारा वाव राहिल्या होत्या.

दोऱ्या आणून द्यायच्या दिवशी पुलाचा कारागीर बोनिफासियो रस्त्यावर बसून प्रत्येक घरची दोरी बोटांखालून सरकवून बघत होता. हिलारियाची दोरी त्याने हातात घेतली, उलटी धरली, पुन्हा सुलटी धरली आणि बाजूला ठेवली.

“ही डाव्या पिळाची आहे,” तो म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. वळताना उजवा तळवा पुढे जातो. तिचा उजवा जायचाच नाही, म्हणून ती डावा ढकलत होती. महिनाभर समोर बसून मला ते दिसलं नव्हतं. मी माझ्याच दोरीकडे बघत होते.

डाव्या पिळाची दोरी आमच्याकडे आजाऱ्याच्या पायात बांधतात, नाहीतर मयत झालेल्या घराच्या उंबऱ्यावर. बायका जरा मागे सरकल्या. रुफिना म्हणाली, पुलाला ताप आलेला दिसतोय. दोघीचौघी हसल्या.

बोनिफासियोने तोंडातली कोकाची पानं एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. दोरी पक्की आहे, तो म्हणाला. पण तीस दोऱ्या एकत्र घेऊन त्यांना उलट पीळ दिला की त्या एकमेकींना धरून राहतात. ही मात्र आणखीच आवळेल, आखडेल, आणि सगळा ताण एकटीवर घेऊन आधी तुटेल.

“मग आमच्यात धरा वहिनींना,” सिक्स्तो म्हणाला. “आमच्या पाच वाव जास्तच आहेत.”

हिलारिया जमिनीवर बसलेली होती. उठायचं तिच्यात त्राण नव्हतं.

“भावजी, तुमच्या पाच तुमच्याकडेच राहू द्या. मी चाळीस आणल्यात.” मग ती बोनिफासियोकडे वळली. “दादा, जिथे पीळ द्यायचा नाही तिथे घाल ना ही. पुलाच्या कडेच्या जाळीत दोरी एकेरीच जाते की.”

तो ती दोरी पुन्हा बोटांखालून सरकवू लागला. पुलावर डावी दोरी म्हणजे अपशकुन, असं सिक्स्तो म्हणत राहिला.

“आजार बाहेर ठेवायलाच बांधतात ना ती?” बोनिफासियो म्हणाला. “मग कडेला असलेली चांगलीच म्हणायची. पण आत्ता धरणार नाही. जाळी झाल्यावर तिच्यावर माणसं लोंबकळवून बघेन. टिकली तर हिचं घर धरू.”

पुलापाशी बायकांनी जायचं नाही, गेल्या तर दोर सुटतो म्हणतात. त्यामुळे दोन दिवस आम्ही वर कड्यावर बसून स्वयंपाक केला. खालून पुरुषांची एका सुरातली हाक तेवढी येत होती. हिलारियाने एकदाही खाली डोकावून बघितलं नाही. ती सुकवलेले बटाटे सूपमध्ये टाकत होती, चुलीत शेण्या सारत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी पूल झाला म्हणून ओरडा झाला, तेव्हा ती एका दगडाला टेकून झोपून गेली होती.

पुरुष वर आले. माझ्या नवऱ्याला मी हळूच विचारलं. तिघं जण लोंबकळले, तो म्हणाला, पण बोनिफासियो काही बोललेला नाही.

मुखियाने एकेक घर पुकारायला सुरुवात केली. सिक्स्तोचं घर आलं. तो ‘आहे’ म्हणाला आणि तिथेच उभा राहिला, आणखी काही बोलायचं असल्यासारखा. मुखियाने बोनिफासियोकडे बघितलं. त्याने होकाराची मान डोलावली.

“हिलारियाचं घर.”

मी तिला हलवायला हात पुढे केला.

“आहे,” डोळे न उघडताच ती म्हणाली. मग माझ्याकडे तोंड वळवून पुटपुटली, सूप झालं की उठव, त्याआधी नको.