दोन हजार तारे

दरवर्षी आठवडाभर आमच्या संगणकाच्या खोलीत नवखे खगोलशास्त्रज्ञ येतात. त्यांना वाटतं, दुर्बीण बघायला मिळेल. मिळतात कुरकुरणाऱ्या खुर्च्या आणि आमच्या बाई. आकाशाच्या नोंदी ऑनलाइन असतात. त्या मागवायला क्वेरी, म्हणजे संगणकाला कळेल अशी मागणी, कशी लिहायची, हे बाई शिकवतात. मी खोलीचा तंत्रज्ञ, मागे बसून ऐकतो.

बाई भयंकर कडक. त्यांची भुवई वर गेली की पीएचडीवाल्याचंही शाळकरी पोर होतं. माझीही कितीदा बोबडी वळलीय.

शेवटच्या दिवशीचा सराव त्यांच्याच तरुणपणच्या शोधनिबंधावर असतो. एक तारकागुच्छ एका बाजूला विरळ आहे, असं त्यांनी दाखवलं होतं. नोकरी, नाव, सगळं त्यावरच उभं. मुलांनी तेच चित्र पुन्हा काढायचं. सात वर्षं प्रत्येकाचं अगदी तंतोतंत आलं.

यंदा कोपऱ्यातली एक मुलगी नुसतीच बसून होती.

"काय अडलंय?" बाईंनी विचारलं.

"माझं काहीतरी चुकतंय, बाई. तारे तीन हजारांवर येतायत. आणि विरळ बाजू दिसतच नाही."

"मर्यादा काढलीस?" ती काढली नाही, तर नोंदींचं संकेतस्थळ पहिल्या दोन हजार ओळी देऊन गप्प बसतं.

"काढली ना. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत."

बाईंनी आपली जुनी फाइल उघडली. मर्यादा तशीच होती. यादी दोन हजारांवर तुटलेली, आणि ती गुच्छाच्या एका बाजूकडून दुसरीकडे क्रमाने लावलेली. शेवटचे तारे गळाले, म्हणून ती बाजू विरळ. बाई शांतपणे म्हणाल्या, "चूक माझी आहे. तुझं बरोबर आहे."

मग त्या बाकीच्यांकडे वळल्या. "पण तुमचं कसं जुळलं?"

एक उंच मुलगा पुटपुटला, "आमचेही आधी तीन हजार आले होते. तुमच्याशी जुळेना, म्हणून मर्यादा परत लावली."

बाईंनी मला सात वर्षांच्या फायली काढायला लावल्या. एकूण त्र्याऐंशी जण. प्रत्येकाच्या फाइलमध्ये दोन क्वेरी होत्या, पहिली बरोबर आणि दुसरी बाईंच्या चित्राला जुळवून घेतलेली. बाई एकेक उघडत गेल्या. स्वतःचा शोध बुडाला तेव्हा न हललेल्या बाई दहाव्या-बाराव्या फाइलला चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. मला फार वाईट वाटलं.

"चूक कोणाचीही होते हो," त्या मला म्हणाल्या. "पण ती मला सांगायची हिंमत एकालाही होऊ नये?"

दुपारी त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहून निबंध मागे घेतला. त्याला दहा मिनिटं लागली. मग संध्याकाळपर्यंत त्या जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते शोधत बसल्या. प्रत्येकाला वेगळी मेल गेली, नावानिशी. मजकूर एवढाच: तुझं पहिलं उत्तर बरोबर होतं.