एक वजा केल्यावर

आमच्या टीमचे प्रमुख असलेल्या सरांनी ती संख्या स्वतः बांधली होती आणि तिचा त्यांना पोटच्या पोरासारखा अभिमान होता. सहाशेहून जास्त अंक, आणि मूळ. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. आमची सिंगापूरची कंपनी लोकांचे संदेश कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर बनवायची. त्या कुलपाच्या मुळाशी ही संख्या बसणार होती, आणि ती तपासून मान्यता मी द्यायची होती.

इतक्या मोठ्या संख्येला सगळे भाग देऊन बघणं शक्यच नसतं. बहुतेक जण चाचण्या लावून "मूळ असावी" म्हणतात. सरांना "असावी" चालत नसे. त्यांनी लहान लहान मूळ संख्यांचा भलामोठा गुणाकार केला, त्यात एक मिळवला, आणि उत्तर मूळ येईपर्यंत गुणाकार बदलत राहिले. एक वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येचे अवयव ठाऊक असले की पक्की सिद्धता देता येते. ती मी ओळ न ओळ पाहिली. बिनचूक होती.

पण दुखणं तिथेच होतं. ती एक कमी असलेली संख्या अशी बारीक तुकड्यांत फुटत असेल, तर कुलपाचं गुपितही तुकड्यातुकड्याने शोधून जोडता येतं. वुडलँड्सच्या घरी मी लॅपटॉपवर करून पाहिलं. कुकर उतरवेपर्यंत गुपित बाहेर आलं होतं.

हे ऐकल्यावर सर मला खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, घेऊन गेले. ऑफिसात ते माझ्याशीही इंग्रजीतच बोलत. मराठी फक्त झापायला. ग्राहकाला शब्द दिलाय म्हणाले. माझा इथे काम करायचा पास संपत आलाय आणि तो वाढवायची शिफारस त्यांच्याच हातात आहे, हेही कॉफी ढवळत सांगितलं. माझ्या मुलीची शाळा नुकतीच सुरू झाली होती.

"तुला इथे कोणी आणलं रे?"

"तुम्ही, सर."

"मग? घरातला पहिला ग्रॅज्युएट तू. माणसांत कसं वागायचं, ते शिकवलं नाही वाटतं तुला कोणी."

मला शिकवणाऱ्यांपुढे मी आजही वाकतो. सुट्टीतही कॉलेजचं ग्रंथालय उघडून देणाऱ्या गणिताच्या बाईंपुढे, आईवडिलांपुढे. या माणसालाही मी मनापासून मानत आलो होतो. ते त्या टेबलाशी संपलं.

"संख्या मूळ आहे, सर. पण कुलपाच्या कामाची नाही. मी मान्यता देणार नाही."

"मग सामान बांध," ते म्हणाले, आणि कप तसाच टाकून उठले.

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी संख्या बदलली. आता जगभर तपासून वापरात असलेली, एक वजा करून निम्मी केली तरी मूळच उरणारी, म्हणजे बारीक तुकड्यांत न फुटणारी घेतली, आणि ही सुधारणा आपल्याला कशी सुचली ते इंग्रजीत समजावून सांगितलं. माझी शिफारस गेली नाही.

निरोपाला कोणीतरी करीपफ, म्हणजे इथल्या तिखट करंज्या, आणले होते. सरांनी हात पुढे केला, चार चांगले शब्द बोलले, आणि मी आभार मानेन म्हणून सगळे थांबले. मी दुसरा करीपफ उचलला आणि सावकाश खात राहिलो.