मॉनिटरमागचे लाल ठिपके

माझ्या बाबांनी मला फसवलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, तरी पहिलं वाक्य हेच सुचतं.

सकाळपासून फोन येताहेत. "असा कारागीर अकोल्यात पुन्हा होणे नाही." खरंय. साठच्या दशकात अमरावतीच्या एका दुकानात व्हॉल्व्हचे रेडिओ उघडायला शिकलेला माणूस. पुढे अकोल्यात घरातच दुकान टाकलं. पन्नाशी उलटल्यावर आमचा सेकंडहॅन्ड कॉम्प्युटरही त्याच पेचकसाने, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने, दुरुस्त करायचे.

त्याचा मॉनिटर म्हणजे डोक्याला ताप. कधी चित्र पिवळं पडायचं, कधी आक्रसून मधोमध यायचं.

बाबांचा नियम एकच, उघडण्याआधी बाहेरून पाहायचं. "आधी बाहेरून पाय. वायर, पिन, बटनं. मंग पेचकस."

आणि एक सवय. काम झालं की मागच्या चारही स्क्रूंवर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. नंतर कुणीही उघडलं की ठिपका फुटतो, लगेच कळतं.

स्वतः बाबांनी उघडलं तरी फुटतोच.

आई गेली त्याच वर्षी माझी बारावी झाली. घरात आम्ही दोघंच.

इंजिनिअरिंगचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. पुण्याचं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकायचं ठरलेलं. शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत.

दुपारी दोनला बटण दाबलं. हिरवा लाइट लागला, स्क्रीन मात्र काळीकुट्ट.

बाबांनी मॉनिटर उचलून दुकानाच्या खोलीत नेला. "आतमंदी लय करंट असते माय. तू बाहीरच बस."

"मी कॅफेत जाऊन भरू का?"

"थांब ना, होऊनच राह्यलं. पाच मिनटं."

तीनदा विचारलं. तीनदा पाच मिनटं.

साडेपाचला घाम पुसत बाहेर आले. "खोलून पायलं. ट्यूबच गेली."

मी रडले. त्यांनी चहा केला. वर मीच त्यांची समजूत काढली, "जाऊ द्या बाबा, तुमी तरी काय करसान."

मग अकोल्यातच बी.एस्सी. केलं. शाळेत कॉम्प्युटर शिकवते. वाईट काही झालं नाही, पण हे मी निवडलेलं नव्हतं.

बाबा जायच्या महिनाभर आधी माळा आवरताना तो मॉनिटर सापडला. भंगारात द्यावा म्हणून मागून उचलला.

चारही ठिपके शाबूत. आणि दुरुस्त न झालेल्या वस्तूला बाबा नवा ठिपका कधीच लावत नसत.

म्हणजे त्या दिवशी तो उघडलाच नव्हता.

शाळेतला जुना लॅपटॉप जोडून पाहिला. काळं. मग स्क्रीनखालची ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टची बटणं बघितली. दोन्ही पार खाली फिरवलेली. वर केली.

चित्र आलं. जरा पिवळट, पण आलं.

बाबा खाटेवर पडून होते. "बाबा, काहून केलं असं?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "तुले शिकवलं होतं ना, आधी बाहेरून पाय म्हनून. मले वाटलं, तू पायशीन."

म्हणजे चूक माझीच!

"तुमी पायत होते म्हनून मी नाई पायलं," मी म्हणाले.

शेवटपर्यंत माझ्या हातचं जेवले, पण सॉरी म्हणाले नाहीत.

एकटं राहायची भीती वाटत होती, तर तसं सांगायचं होतं ना बाबा. कदाचित मी थांबलेही असते. तुम्ही मला विचारलंच नाही, राग त्याचा आहे.

मॉनिटर भंगारात दिला नाही. ठिपकेही फोडले नाहीत.

वर्गात पहिल्या दिवशी अजूनही तुमचाच नियम सांगते. यंदा त्यात एक ओळ वाढवली. घरच्या माणसाने पाहिलं असलं, तरी स्वतः एकदा पाहा.

राग गेलेला नाही. आठवण येते, तीही खरी. दोन्हींसकट तुम्हाला श्रद्धांजली, बाबा.