धोंड्याच्या महिन्यातलं चांदीचं ताट

नोकरीतल्या बाकीच्या केसेस आता एकमेकीत मिसळून गेल्या, पण चांदीच्या ताटाची ती केस अजून जशीच्या तशी डोळ्यासमोर उभी राहते.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधलं सगळं कामावर मिळवलं, कोणाच्या चिठ्ठीवर न्हाई. शिकलेले साहेब लोक पंचनामा लिहिताना मला विचारायचे. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं माझीच चूक सांगायची आहे.

तवा मी शहागडच्या अलीकडं, हायवेवरच्या एका चौकीत होतो. अधिक जेठ चालू होता, म्हणजे आमचा धोंड्याचा महिना. सकाळी हजेरी झाली, स्टेशन डायरी उघडली, तेवढ्यात गावातले एक मोठे बागायतदार बुलेटवर आले. सगळे त्यांना मालक म्हणायचे, मी पण इथं तेच लिहितो.

"जमादार, घरातलं चांदीचं ताट गेलं. माझ्या आजीचं. आज पूजेला काढा म्हणलं तर मंडळी म्हणते, सापडंना."

"कोणावर संशय?"

"संशय कशाला, नक्कीच सांगतो. तो चायनीजवाला. काल नातवाच्या वाढदिवसाला त्याला घरी नूडल्स करायला बोलावल्तं. अर्धा दिवस स्वयंपाकघरात होता."

हा चायनीजवाला म्हणजे चौकात गाडा लावणारा एक नेपाळी माणूस. आठ वर्षं झाली होती त्याला गावात येऊन. बायको आणि एक पोरगी संग. सगळं गाव त्याला बहादूर म्हणायचं. त्याचं नाव बहादूर न्हाई, हे कोणाला माहीत नव्हतं. मला पण न्हाई.

मालक येतानाच चौकात ओरडून सांगून आल्ते, म्हणून जीप घेऊन चौकात गेलो तर खबर द्यायला तीन जण तयारच. एक म्हणला, "साहेब, काल त्याच्या हातात मोठी पिशवी होती." दुसरा म्हणला, "ह्या लोकांचं काय, आज इथं, उद्या काठमांडू." तिसऱ्याला तर त्याच्या डोळ्यातच चोर दिसला. हे तिघंही रोज संध्याकाळी त्याच्याच गाड्यावर हक्का नूडल्स खायला उभे. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि भर चौकातून त्याला जीपमध्ये मागं बसवून आणलं. ना नोटीस, ना कागद. गावातल्या माणसावर संशय असता तर मी आधी त्याच्या घरी चहा पिऊन चार गोष्टी विचारल्या असत्या. तवा हे माझ्या ध्यानात आलं न्हाई.

चौकशी सुरू केली.

"ताट कुठंय?"

"साब, हमने नहीं लिया."

"मंग कोणी घेतलं?"

तो गप्प. मी शंभर माणसं बोलती केलेली. खोटं बोलणारा जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा माणूस बोलतच नव्हता. मान खाली, हात मांडीवर. मला वाटलं, पक्का आहे.

अंगझडती घेतली. खिशात गाड्याची किल्ली, मोबाईल, आणि कागदात गुंडाळलेला एक अनारसा.

"हे कुठून आणलं?"

"मौसी ने दिया. दो दिया था. एक बेटी ने खाया, एक बोली पापा तुम खाना."

मौसी म्हणजे मालकांची मंडळी. गाव त्यांना काकू म्हणायचं.

"आणखी काय दिलं मौसीनं?"

 टेबलावर हात आपटला, तरी गप्प. शेवटी एवढंच बोलला, "साब, जुबान दिया है."

तेवढ्यात बाहेर बघतो तर त्याची बायको आणि पोरगी चौकीच्या लिंबाखाली येऊन बसलेल्या. संग एक ट्रंक, गादीची वळकटी आणि शेगडी. खोलीवाल्यानं संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा म्हणून सांगितल्तं. पोरीचं चार दिवसांनी पहिलीत नाव घालायचं होतं. गळ्यात नवीन दप्तर घालूनच बसली होती, जणू ते पण कोणी घेऊन जाईल.

मी काही दगड न्हाई. पण हट्टी आहे. अनारसा पुढं ठेवून बसलो आणि घरी फोन लावला. म्हणलं, जेवायला उशीर होईल, एक चांदीचं ताट चोरीला गेलंय.

बायको म्हणली, "धोंड्याच्या महिन्यात? त्यांचे लेक-जावई येऊन गेले का?"

"काल आल्ते म्हणे वाढदिवसाला. त्याचा काय संबंध?"

"अवं, जावयाला वाण कशात दिलं ते विचारलं का?"

मी गप्प. आता चौकीत दोन माणसं गप्प झाली.

"एवढी वर्षं पोलिसात काढली तुम्ही," ती म्हणली, "आणि माझ्या आईनं तुम्हाला अनारसे कशात दिल्ते, ते पण विसरले."

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. धोंड्याच्या महिन्यात आमच्याकडं लेक-जावयाला बोलावून जेवू घालतात आणि जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. ते ताटात ठेवून, वर दिवा लावून. ताट जावयाच्या घरी जातं. परत येत न्हाई.

जीप काढली, थेट मालकांच्या घरी. या वेळी पंचनामा नीट केला. कपाटाचं कुलूप धड. किल्ल्यांचा जुडगा काकूंच्या कमरेला. सकाळी मी कपाट बघायला पण आलो नव्हतो.

"काकू, किल्ली कोणाला दिल्ती का?"

"कोणाला न्हाई बाबा."

"मंग चोराला अनारसे फार आवडत असतील. मला अंकुशनगरला जाऊन तपास करावा लागंल." त्यांचा जावई अंकुशनगरला राहायचा.

काकूंनी पदर तोंडाला लावला. मालक म्हणले, "अंकुशनगर कशाला? वाण तर तांब्याच्या ताटात दिलं!"

"तुमच्या समोर तांब्याच्या," काकू पदरातून बोलल्या. "गाडीत ठेवताना बदललं. एकुलती एक लेक माझी. दोन्ही सुनांनी घरातली चांदी आत्ताच वाटून ठेवलीय. तुम्हाला विचारलं असतं तर दिलं असतं का?"

मालक दिवाणावर बसले ते उठेनात.

"आणि हे त्या नेपाळ्यानं बघितलं?" मी विचारलं.

"तोच होता तिथं. म्हणलं, बेटा, कोणाला सांगू नको. दोन अनारसे दिले हातावर. जमादार, मी त्याचं नाव घेतलं न्हाई हं."

"घेतलं न्हाई काकू, पण मालकांनी घेतलं तवा खोडलं पण न्हाई."

काकू रडायला लागल्या. मला पण बोललेलं लागलं, कारण खोडायचं काम माझं पण होतं. परक्या माणसानं दोन अनारशांवर दिलेला शब्द माझ्या टेबलापुढं बसून पाळला, आणि मी त्यालाच चोर समजून राह्यलो.

जबाब लिहिला, ताट घरच्यानंच दिलं म्हणून फिर्याद मागं. डायरीत नोंद करताना त्याचं नाव विचारलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. इथं लिहीत न्हाई, पण मला पाठ आहे.

कागद मिटला म्हणून गोष्ट मिटत न्हाई. त्याला मी चौकातून नेल्तं, म्हणून चौकातच आणलं. या वेळी जीपमध्ये पुढं, माझ्या शेजारी. बायको, पोरगी, ट्रंक मागं. मालकांना म्हणलं, "तुम्ही जिथं सकाळी ओरडून सांगितलं, तिथंच सांगा."

मालकांची मान कधी खाली गेलेली गावानं बघितली नव्हती. पण सांगितलं. "ताट घरच्यानंच दिल्तं. याचा काही दोष न्हाई." खोलीवाला तिथंच होता. तो काही बोलायच्या आत मी म्हणलं, "ट्रंक जड आहे, एका बाजूनं धर." धरली त्यानं.

मंग मी वर्दीतच गाड्यापुढं उभा राह्यलो आणि एक प्लेट मागितली. आयुष्यात पहिल्यांदा नूडल्स खाल्ल्या. अर्ध्या शर्टावर सांडल्या. ते खबर देणारे तिघं बघत होते.

"साहेब, कसं लागून राह्यलं?" एकानं विचारलं.

"तुम्ही रोज खाता, तुम्हालाच माहीत," मी म्हणलं. "आणि आज तरी आपले डोळे तपासून घ्या."

महिना संपायला दोन दिवस होते. काकूंनी त्या नवरा-बायकोला जेवायला बोलावलं, लेक-जावई म्हणून. त्याला तेहतीस अनारसे दिले. तांब्याच्या ताटात, सगळ्यांच्या देखत.

या केसनं मला एक शिकवलं. त्यानंतर तपासाला गेलो की पहिला सवाल, किल्ली कोणाकडं. परका कोण, हा सवाल मी विचारायचाच सोडला. आणि आपल्याच घरातली रीत आपल्याला आठवत नसेल, तर दुसऱ्याच्या खिशात हात घालू नये.

पुढच्या धोंड्याला मी निवृत्त होऊन घरी होतो. तो सहकुटुंब आला, हातात डबा. त्याच्या बायकोनं अनारसे केल्ते. निम्मे तुपात फुटलेले, निम्मे कडक. पोरगी आता आमच्यासारखीच बोलायची. म्हणली, "आबा, बिलकुल बिघडलेत. तरी खावं लागंल."

माझे चार दात गेलेले. तरी सगळे खाल्ले. एक पण ठेवला न्हाई.