डोळे तपासण्याची खोली

निवृत्त माणसाला लोक काय विचारतात? ब्लड प्रेशर! मला मात्र हडपसरच्या आमच्या कारखान्यातले किस्से विचारतात. मीही सांगतो, आणि नारायण पेठेत घरी परतताना दर खेपेला वाटतं, आपण उगाच स्वतःला मोठं केलं का? म्हणून आधीच सांगून टाकतो : यातली हुशारी सलीमभाईंची.

नव्वद सालानंतर परदेशी गिऱ्हाईकं आली, कॉम्प्युटरवर चालणारी मशीन्स आली आणि मागोमाग एक योजना. दारूमुळे घसरू लागलेल्या कामगाराला नोकरी जाण्याआधीच गाठायचं. वीस-वीस मिनिटांच्या चार भेटी. त्यासाठी मला नेमलं. मानसशास्त्रातली पीएच.डी. ना! सलीमभाई मशीन शॉपचे फोरमन. पूर्वी स्वतः पिणारे, बारा वर्षं थेंब न घेतलेले.

*

मी प्रश्नावली वाटली. 'आपण मद्यपान करता का?' चाळीस कामगार, चाळीस 'नाही'. मी खूश! सलीमभाईंनी कागद चाळले आणि एकाला हाक मारली, "काय रे, सुटीच्या दिवशी कितीला सुरू करतोस?"

"अकराला. मटण शिजेपर्यंत दम निघत नाही!"

*

माझ्या खोलीवर पाटी होती 'समुपदेशन कक्ष'. महिनाभर कुणी फिरकलं नाही. मला जेवण जाईना. सलीमभाईंनी पाटी उतरवली आणि आत भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता लावला. "आता आत जाणाऱ्याला कुणी हसणार नाही, डॉक्टर."

पहिल्याच आठवड्यात तिघांनी दारूचं सांगितलं. आणि दोघांना खरोखरच चष्मा लागला!

*

गजानन यवतमाळचा. सगळ्यात नाजूक मशीन त्याच्या हाताखाली. दोनदा तोंडाला वास आला, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी बजावलं, "तिसऱ्यांदा घरी बसायचं पत्रच देईन."

पहिल्या भेटीत मी त्याला आकृती काढून इच्छाशक्ती समजावली. सलीमभाईंनी एवढंच विचारलं, "गेटपासून बस स्टॉपपर्यंत दारूची दुकानं किती?"

"एकच हाय जी. पन स्टॉपच्या समोरच."

"मग मागच्या गेटनं निघायचं. माझ्या स्कूटरवर."

महिनाभर दोघं मागच्या गेटनं गेले. मग सलीमभाई भाचीच्या लग्नाला दोन दिवस गावी गेले.

*

ते परतले त्या सकाळी, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, गजानन माझ्या दारात उभा. "सर, मले आज मशीनवर नका ठेवू. काल घेतली. हात थरथरून रायले."

साहेबांना रिपोर्ट देणं भाग होतं. लिहावं तर त्याची नोकरी जाणार, न लिहावं तर मी खोटा. गजाननच म्हणाला, "लिहा सर." तरी तीन कागद फाडले. शेवटी सलीमभाईंना विचारलं.

"प्यायला, हे लिहा. मशीनला हात लावायच्या आधी स्वतः सांगायला आला, हेही लिहा. तुमच्या त्या चाळीसांत असा एक तरी होता का?"

तसंच लिहिलं.

दुपारी साहेब स्वतः खोलीत आले. एका हातात माझा रिपोर्ट, दुसऱ्या हातात गजाननला घरी बसवायचं पत्र, टाइप केलेलं. मी धडपडत उठलो. "साहेब, त्याच्या दोन भेटी अजून बाकी आहेत..."

त्यांनी हातानंच मला थांबवलं. पत्राचे चार तुकडे केले, टोपलीत टाकले. मग दार लावून घेतलं आणि तक्त्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"डॉक्टर," भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "आमचेही डोळे तपासता का?"