तीन इनिंगची परवानगी

पहाटे सुशीलाबाई देवापुढे दिवा लावत, तेव्हा शेजारच्या खोलीत त्यांची भाडेकरू अपेक्षा मोबाइल डब्याला टेकवून बेसबॉल बघत असे. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये तेव्हा आदली रात्र, आणि तिथल्या हिवाळी लीगचा सामना ऐन रंगात, प्रेक्षकांत ढोल वाजत.

"देवाचं नाव घ्यायचं सोडून सकाळी सकाळी ढोल कसले ऐकतेस?" म्हणून बाईंनी आधी कुरकुर केली. पण जप करताना कान तिकडेच. डिसेंबरपर्यंत रामोन हा वीस वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, त्यांच्या चांगला ओळखीचा झाला होता.

अपेक्षा यवतमाळची, स्वतःही पिचर. खेळाच्या जोरावर तिला पुण्यात एका खतांच्या कंपनीत नोकरी लागली, म्हणून कर्वेनगरात खोली घेऊन राहिलेली.

"काय गं, तुझा रामोन आज कुठंय?" एका सकाळी बाईंनी विचारलं.

"बोलावून घेतला, काकू. अमेरिकेतल्या क्लबचा करार आहे ना त्याच्याशी. हात दुखावेल म्हणे, सेमीफायनल खेळायची नाही."

"आणि तो फर्स्ट बेसवरचा थोराड गडी?"

"तो मस्त मारतोय. पण वय झालं त्याचं, त्याला ना कोणी अडवत, ना कोणी बोलावत. ज्याच्यापासून पुढं फायदा, त्यालाच बांधून ठेवतात."

"अगं, पण रामोनची आई रोज येऊन बसायची की टाळ्या वाजवायला! देवानं हात दिला, आईनं वाढवला, आणि अडवणारे हे कोण टिकोजीराव?"

अपेक्षाची गतही तीच झाली होती. आदल्याच दिवशी कंपनीचे क्रीडा अधिकारी यज्ञेश्वर साने यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. वाघोलीच्या जिल्हा संघांच्या स्पर्धेत यवतमाळकडून खेळायचं तर खेळा, पण दर सामन्यात तीनच इनिंग, म्हणजे निम्माही सामना नाही. फेब्रुवारीत कंपन्यांची स्पर्धा आहे, त्यासाठी हात जपा. "आपण आमची इन्व्हेस्टमेंट आहात," असं हसून म्हणाले, जणू कौतुकच करत होते!

आणि हाताची एवढी काळजी असलेली ही कंपनी दिवाळीत त्याच हातांनी भेटवस्तूंची खोकी वरच्या मजल्यावर चढवून घेते. तेव्हा कोणाला हात आठवत नाही. यवतमाळच्या मुली रात्रभर एसटीनं येऊन वाघोलीत मंगल कार्यालयाच्या फरशीवर झोपल्या होत्या. दुसरी पिचर शेफाली, तिचा खांदा सुजलेला. याच मुलींबरोबर अपेक्षा फाटक्या ग्लोव्हनं खेळायला शिकली होती. त्यांना काय सांगायचं, की मी आता दुसऱ्याच्या मालकीची आहे?

साखळी सामन्यांत तिनं साहेबांचं ऐकलं. प्रत्येक वेळी तिसरी इनिंग संपली की खाली मान घालून बाहेर बसली. मुली कशाबशा निभावून नेत अंतिम फेरीत आल्या.

अंतिम सामन्याला सुशीलाबाई मारुतीचा अंगारा आणि लाडवांचा डबा घेऊन हजर. तिसरी इनिंग संपली, यवतमाळ एका धावेनं पुढे. सामना बघायला आलेले साने खुर्चीतून उठून, बाहेर या म्हणून हात हलवू लागले. अपेक्षानं त्यांच्याकडे बघितलं, शेफालीच्या खांद्याकडे बघितलं, आणि चेंडू घेऊन पुन्हा मैदानात गेली.

साने रेषेपर्यंत धावले. "अपेक्षा! काय ठरलं होतं आपलं?"

"तुमचं ठरलं होतं, साहेब. मले कोनं इचारलं?" रागावली की तिच्या तोंडी वऱ्हाडी येई.

"उद्या ऑफिसात बोलू!"

"अहो साहेब," मागून सुशीलाबाई म्हणाल्या, "उद्याचं उद्या बोला. आत्ता बसा खाली. मागच्यांना दिसत नाही."

ती शेवटपर्यंत खेळली. शेवटच्या इनिंगला तिचा एक चेंडू समोरच्या पोरीनं असा काही टोलवला की दोघी पळत होम बेसला पोचल्या, दोन धावा झाल्या, आणि सामना गेला.

"झालं समाधान?" साने म्हणाले. "परवानगी मोडून शेवटी हरलातच ना?"

"हो. पण खेळून हरलो."

सोमवारी तिचं नाव कंपनीच्या संघातून गेलं, खेळाची रजा बंद झाली. कंपनीची जर्सी लगेच परत करा, असा निरोप आला. अपेक्षा ती तशीच, सरावाच्या घामानं घामट, पिशवीत कोंबत होती. सुशीलाबाईंनी हातातून ओढून घेतली.

"धुऊन, इस्त्री करून दे. त्यांच्यासारखं वागायचं नाही आपण."

"आणि काकू, खेळायचं कुठं?"

"ते मी बघते. आपल्या गल्लीतल्या शाळेचं मैदान सकाळी रिकामंच असतं. मुख्याध्यापकांना विचारू. चल, साबण आण आधी."